चेक व्हॉल्व्ह, चेकनट, चेकर प्लेट आणि बँकेचा चेक: हे सगळे 'चेक' एकाच घरातले का?

कोपरीकर, ठाणे पूर्व

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पंपघराच्या दुरुस्तीचे कोटेशन आले आहे. त्यात 'चेक व्हॉल्व्ह 2 नग', 'फाउंडेशन बोल्टला चेकनट', 'जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला 6 मिमी चेकर प्लेट' अशा नोंदी आहेत आणि तळाशी 'रक्कम अकाउंट पेयी चेकने द्यावी' असे लिहिले आहे. सभासदांसाठी याचे मराठी परिपत्रक काढायचे आहे. बँकेच्या चेकला धनादेश म्हणता येईल, पण इतर ठिकाणी काय लिहावे?

शिवाय मुलुंड चेकनाका, चेक्सचा शर्ट, बुद्धिबळातला चेक, 'जरा चेक करून सांगा' हेही आहेच. हे सगळे मुळात एकाच शब्दाचे अर्थ आहेत, की वेगवेगळे शब्द उच्चाराने एक झाले आहेत? मूळ नीट कळले तर मराठी प्रतिशब्द निवडणे सोपे जाईल असे वाटते. कोटेशनमधल्या वस्तूंबद्दलही जाणकारांनी लिहावे. त्या नेमके काय काम करतात हे परिपत्रकात एकेका ओळीत सांगायचे आहे.

पटावरचा, नौपाडा

एकाच घरातले आहेत. आणि त्या घराचा एक दरवाजा मराठीतही उघडतो, तो म्हणजे 'शह'.

फारसीत राजाला शाह म्हणतात. बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की 'शाह!' असे म्हणून सावध करायची रीत होती. हा खेळ भारतातून 'चतुरंग' या नावाने इराणात गेला, तिथे 'चत्रंग' झाला आणि अरबांकडे 'शतरंज'. अरबांमार्फत तो साधारण दहाव्या शतकाच्या सुमारास युरोपात पोहोचला. लॅटिनमध्ये 'श' हा उच्चार नाही, म्हणून शाहचे 'स्काकुस' झाले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'एशेक' आणि इंग्रजीत पुढचा 'ए' गळून 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन 'एशेस' इंग्रजीत 'चेस' म्हणून राहिले. म्हणजे चेस याचा मूळ अर्थ 'राजे' किंवा 'अनेक शह' असा होतो. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन लोकांनीही खेळाचे नाव शाहवरूनच घेतले. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी मात्र शतरंजवरून घेतले, त्यामुळे त्यांच्या 'आहेद्रेस' आणि 'शद्रेस' या नावांत आपला चतुरंग अजून शिल्लक आहे.

आपण शह घेतला तो थेट फारसीतून. दख्खनच्या दरबारी भाषेतून आलेला हा शब्द 'शह देणे', 'शह-काटशह' अशा वापरात इतका मुरला की परका वाटत नाही. 'मात करणे' मधली मातही तिथलीच. इंग्रजी 'चेकमेट' म्हणजे अक्षरश: आपले 'शहमात'. 'मात' चा अर्थ 'मेला' असा अनेक ठिकाणी दिलेला असतो, कारण अरबीत त्या उच्चाराचे क्रियापद मरण्याचे आहे. फारसीत मात म्हणजे हतबल, गोंधळून गेलेला. खेळाला फारसी अर्थच जास्त जुळतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही, एवढेच.

आणखी एक पायरी मागे गेलो तर शाह हा शब्द प्राचीन फारसीत 'क्षायथिय' असा होता, आणि 'सत्ता चालवणे' या अर्थाचा त्याचा धातू संस्कृत 'क्षत्र' शी नाते सांगतो. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या कारकिर्दीचे लेख आहेत तो नहपान स्वत:ला क्षत्रप म्हणवत असे. ती पदवीही याच कुळातली. म्हणून क्षत्रिय, क्षत्रप, बादशाह, शह आणि चेक हे दूरचे भाऊबंद ठरतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. चेकच्या अर्थांना दोन फांद्या फुटल्या आणि त्या वेगळ्या ओळखल्या की प्रतिशब्दाचा घोळ होत नाही.

पहिली फांदी शह देण्याच्या कृतीची आहे. शह बसला की खेळाडूचा बेत जागीच थांबतो, त्याला आधी राजा सांभाळावा लागतो. त्यावरून चौदाव्या शतकातच 'अडवणे, रोखणे, लगाम घालणे' हा अर्थ आला. रोखणे ते तपासणे ही उडी नंतरची, सतराव्या शतकाच्या अखेरची. गैरप्रकार रोखायचा तर नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावी लागते, म्हणून ताडून पाहणे म्हणजेच चेक करणे झाले. बरोबरच्या खुणेला अमेरिकेत 'चेकमार्क' म्हणतात, तेही यातूनच.

दुसरी फांदी पटाची आहे. पटावर चौकोन असतात, म्हणून चौकोनांची नक्षी ती चेक. चेक्सचा शर्ट आणि चेकर प्लेट या फांदीवर आहेत. व्हॉल्व्ह आणि नट पहिल्या फांदीवर.

मुलुंड चेकनाक्यावर पहिल्या फांदीचे दोन्ही अर्थ आहेत: गाडी थांबवायची आणि माल तपासायचा. जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली, हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर सगळीकडे माफ झाला, तरी नाव टिकून आहे. मराठीत 'तपासणी नाका' चालेल, पण रिक्षावाल्याला चेकनाकाच सांगावे लागेल.

बँकेच्या चेकमध्ये दोन्ही फांद्या पुन्हा एकत्र येतात. त्यावर बेलापूरच्या खातेवहीकरांनी लिहावे.

खातेवहीकर, सीबीडी बेलापूर

इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात राजाचा महसूल मोजायला मोठे टेबल वापरत. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटे उंच पट्टी, म्हणजे मोजणीच्या चकत्या खाली पडत नाहीत. त्यावर रेघा असलेले काळे कापड अंथरत. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार, दहा हजार असे रकाने असत आणि चकती ज्या रकान्यात ठेवली ती तिची किंमत. तेव्हा तिथे शून्य आणि दशमान अंक रुळले नव्हते. रोमन अंकांत वजाबाकी करणे अवघड, आणि वसुली घेऊन येणारे अनेक अधिकारी निरक्षर. चकत्यांचा हिशेब मात्र समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसतो. या पटासारख्या टेबलावरून खात्यालाच 'एक्सचेकर' नाव पडले. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकात या कामकाजावर ग्रंथ लिहिला, त्यात पटावर दोन राजे लढतात तसे इथे खजिनदार आणि वसुली अधिकारी लढतात असा खुलासा आहे. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. सुरुवातीचे 'एक्स' मात्र चुकून आले आहे. फ्रेंच 'एस' ला कुणीतरी लॅटिन 'एक्स' समजले आणि तेच रूढ झाले.

याच खात्यात पावतीसाठी लाकडी कांड्या होत्या. कांडीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडाला तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी. मग कांडी उभी चिरून अर्धी देणाऱ्याला, अर्धी खात्यात. हिशेबाला दोन्ही अर्धे जुळवून पाहायचे. लबाडी करून एका अर्ध्यावर खाच वाढवली तर दुसऱ्याशी जुळत नाही. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बंद झाली, साठलेल्या कांड्या 16 ऑक्टोबर 1834 ला संसदेच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जळाला.

चेकचा जन्म याच विचारातून आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे सरकारी हुंडीची काउंटरफॉइल, खोटेपणाला आळा घालणारा मागे राहणारा तुकडा. त्या तुकड्याचे नाव हळूहळू फाडून दिलेल्या कागदाला लागले. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या प्रभावाने शेवटी 'क्यू' घालून वेगळे स्पेलिंग केले, अमेरिकेत जुनेच राहिले. आपण बँकेच्या चेकला ब्रिटिश स्पेलिंग वापरतो.

मराठीत धनादेश हा सरकारी शब्द आहे आणि परिपत्रकात तोच लिहावा. क्रियापद मात्र 'वटणे' ठेवा. हुंडी वटत असे, तसा चेक वटतो. 'धनादेश क्लिअर झाला' पेक्षा 'धनादेश वटला' चांगले.

चेक लिहिताना सोसायट्यांकडून राहणाऱ्या गोष्टी:

डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन समांतर तिरप्या रेघा आणि त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी'. नुसत्या रेघा मारल्या तर रक्कम कोणत्यातरी बँक खात्यातच जाईल एवढेच ठरते. अकाउंट पेयी लिहिले की नाव असलेल्याच्याच खात्यात. ठेकेदाराचे नाव त्याच्या बँक खात्यावर आहे तसेच लिहायचे, पाटीवरचे दुकानाचे नाव नको.

अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 18 प्रमाणे अक्षरी रक्कम धरली जाते. पण व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच करते, त्यामुळे कलमाच्या भरवशावर राहू नका.

खाडाखोड करून बाजूला सही करण्याची जुनी सवय सोडावी. चेकचा कागद आता फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते. तारखेच्या दुरुस्तीखेरीज इतर बदल या पद्धतीत चालत नाहीत. नवा चेक फाडा. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर सही किंवा शिक्का येऊ देऊ नका. तिथे चुंबकीय शाईत सहा आकडी चेक क्रमांक आणि नऊ आकडी शाखा संकेतांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे. मुंबईप्रमाणे ठाणे, नवी मुंबईलाही ते 400 च आहेत.

मुदत तारखेपासून तीन महिने. 1 एप्रिल 2012 पूर्वी सहा होती, आणि काही वडीलधारे सभासद अजून सहाच धरून चालतात. 50 हजार आणि वरच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवण्याची 'पॉझिटिव्ह पे' सोय 1 जानेवारी 2021 पासून आहे. 5 लाख आणि वरच्या रकमांना बँका ती सक्तीची करू शकतात. पंपाच्या कामाचा चेक परत येण्याचे हे कारण असू शकते, म्हणून आधी कळवून ठेवा.

पुरेशी शिल्लक नसल्याने चेक वटला नाही तर त्याच कायद्याचे कलम 138 लागते. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार. यातला पहिला 30 दिवसांचा टप्पा फोनाफोनीत निघून जातो आणि मग हातात काही उरत नाही.

चेक मराठीत लिहिता येतो. हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाची भाषा, तिन्ही चालतात. सही नमुन्याप्रमाणे हवी, एवढेच.

फिटर_टीटीसी, रबाळे

चेक व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) एकच. कोटेशनमध्ये दोन्ही वेगळे लावले असतील तर विचारा. पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, उलट येऊ लागले की आतली झडप पाण्याच्याच दाबाने बसते. मराठीत 'एकदिशा झडप' म्हणा.

जागा अशी: पंप, त्याच्या पुढे चेक व्हॉल्व्ह, त्याच्या पुढे गेट व्हॉल्व्ह, म्हणजे हाताने बंद करायचा. हा क्रम उलटला तर दुरुस्तीला चेक व्हॉल्व्ह खोलायच्या वेळी वरच्या पाइपातले सगळे पाणी अंगावर येते. बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने. झुलत्या फ्लॅपचा व्हॉल्व्ह आडव्या पाइपावर झाकण वर करून बसवायचा, किंवा उभ्या पाइपावर पाणी वर जात असेल तिथे. पाणी खाली येणाऱ्या पाइपावर तो चालत नाही, फ्लॅप लटकून उघडाच राहतो.

दोन नग का, हे सभासद विचारतीलच. दोन पंप एका पाइपाला जोडलेले असतात, एक चालू, एक राखीव. राखीव पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर चालू पंपाचे पाणी त्यातून उलटे खालच्या टाकीत पडते. मोटर तासभर चालते, वरची टाकी भरत नाही, आणि सगळे पंपाला दोष देतात. राखीव पंपाचा शाफ्ट उलटा फिरताना दिसला की समजा.

तपासायचे असे. चेक व्हॉल्व्हच्या पुढे प्रेशर गेज असावा. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो दाब, म्हणजे पाइप 24 मीटर वर जात असेल तर पंप बंद झाल्यावर काटा 2.4 च्या आसपास थांबला पाहिजे. हळूहळू उतरत गेला तर झडप बसत नाही. बहुतेक वेळा सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या कडेवर, वाळू किंवा गंजाची खपली अडकलेली असते. आधी साफ करून पाहा, मग नवा घ्या. पंप बंद होताना धाडकन आवाज येत असेल तर फ्लॅप उशिरा बंद होतोय. पाणी उलटे धावायला लागल्यावर तो आपटतो. उंच इमारतीला स्प्रिंगचा घ्यावा, तो पाणी उलटण्याआधी बसतो.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवला असेल तर सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, टोकाला फूट व्हॉल्व्ह लागतो. तोही चेक व्हॉल्व्हच, जाळीसकट. दररोज प्रायमिंग, म्हणजे चालू करण्याआधी पंपात पाणी भरणे, करावे लागत असेल तर दोष बहुधा तिथे असतो.

चेकनट: एका नटावर दुसरा नट आवळायचा, म्हणजे कंपनाने पहिला सैल होत नाही. पातळ नट खाली, जाड नट वर. सगळीकडे उलटे केलेले दिसते, कारण जाड नट आधी लावणे स्वाभाविक वाटते. वरचा नट आवळला की बोल्टचा ताण वरच्याच्या आट्यांवर जातो, खालचा फक्त अडकून बसतो. म्हणून जाड वर पाहिजे. एम16 ला, म्हणजे 16 मिमी जाडीच्या बोल्टला, पातळ नट 8 मिमी, जाड 13 ते 15 मिमी. आधी पातळ नट बेताने आवळा, मग त्याला पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने वरचा पूर्ण आवळा. एकाच पान्याने केले तर दोन्ही नट एकत्र फिरतात आणि चेक होतच नाही. कोटेशनमध्ये नटांसोबत बोल्टची लांबी पाहा. वरच्या नटाबाहेर दोन आटे तरी दिसले पाहिजेत, जुने बोल्ट आखूड असले तर दुसरा नट बसणार नाही.

याला मराठी शब्द शोधू नका. वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत चेकनट म्हटले की कळते.

चेकर प्लेट: पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेली लोखंडी प्लेट. आता मिळते तिच्यावर चौकोन नसतात, आडव्या-उभ्या दाण्यांची नक्षी असते, नाव जुने राहिले. 6 मिमी म्हणजे उठाव सोडून खालच्या पत्र्याची जाडी. उठावासकट 6 भरत असेल तर माल 5 चा आहे. कॅलिपर दोन दाण्यांच्या मधे लावा. माल किलोवर विकला जातो. साधी 6 मिमी प्लेट चौरस मीटरला 47.1 किलो, चेकर त्याहून थोडी जास्त. 600 बाय 600 मिमी झाकण 17 किलोच्या वर भरेल. एका माणसाला उचलता येईल असे दोन भाग करून घ्या. खाडीच्या खाऱ्या हवेत नुसता रंग टिकत नाही, गॅल्व्हनाइज करून, म्हणजे जस्ताचा मुलामा देऊन घ्या, आणि वेल्डिंग, भोके, बिजागऱ्या सगळे आधी. नंतर वेल्डिंग केले तर तिथेच पहिला गंज धरतो.

कोपरीकर, ठाणे पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. परिपत्रकाला पुरून उरेल इतके मिळाले. दोन शंका राहिल्या. बँकेचा चेक हा अरबी 'सक्क' वरून आला, असे एका फॉरवर्डमध्ये वाचले होते. ते खरे का? आणि चेक प्रजासत्ताकाचा या घराशी काही संबंध?

पटावरचा, नौपाडा

चेक प्रजासत्ताकाचा नाही. ते लोक स्वत:ला 'चेख' म्हणतात, त्याच नावाच्या दंतकथेतल्या पूर्वजावरून. इंग्रजीत स्पेलिंग अगदी वेगळे आहे, देवनागरीत मात्र दोन्ही सारखे दिसतात.

सक्कची गोष्ट हवेतली नाही, पण निष्कर्ष पटत नाही. अरबीत सक्क म्हणजे लेखी दस्त, पैसे देण्याची चिठ्ठीसुद्धा, आणि मध्ययुगात व्यापारी ती वापरत. इराणात 'चक' हा शब्दही होता. वस्तू सारखी आणि उच्चार जवळचा, म्हणून नाते जोडायचा मोह होतो. पण इंग्रजी शब्दाचा माग सलग सापडतो: अडवणे, ताडून पाहणे, ताडण्यासाठी ठेवलेला तुकडा, मग फाडून दिलेला कागद. या साखळीत एकही कडी हरवलेली नाही, आणि सुरुवातीचे स्पेलिंगही साध्या 'चेक' चेच आहे. सक्कवरून आला असता तर तो आधी काउंटरफॉइलचे नाव म्हणून का दिसावा, याचे उत्तर त्या मांडणीत नाही.

पन्हा58, गावदेवी, ठाणे

कापडाचे कोणी लिहिले नाही म्हणून. चेक्सला मराठीत चौकडी हा चांगला शब्द आहे, चौकडीचे लुगडे पूर्वीपासून म्हणतात. चौकडीचा शर्ट शिवायला 58 इंच पन्ह्याचे 1.60 मीटर साध्या कापडात पुरते. मोठ्या चौकडीला पाव मीटर जास्त घ्या, कारण बटणपट्टी, खिसा आणि बाजूची शिवण यांवर रेघा जुळवाव्या लागतात आणि त्यात कापड जाते. सुती असेल तर आधी भिजवून वाळवा. नंतर आटले तर जुळवलेल्या रेघा सरकतात. खिसा जुळत नसेल तर तो तिरपा कापायला सांगा.

फिटर_टीटीसी, रबाळे

कोपरीकर, एक राहिले. पार्किंगमधल्या खाचांच्या सिमेंट फरशीलाही चेकर्ड टाइल म्हणतात. कोटेशनमध्ये 'चेकर' पुढे 'प्लेट' आहे की 'टाइल' ते पाहून घ्या. प्लेट किलोवर आणि टाइल चौरस मीटरवर लावतात. नुसते 'चेकर' आणि पुढे एकक नसेल तर ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेतल्याशिवाय परिपत्रक काढू नका.